बांधावरची बाळंतीण

ज्वारीत दाणा भरला की मला राग यायला लागतो. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, शेंगदाण्याची चटणी आठवते. मला राग येतो. यंदाही आला. परवा हसनाबादहून भोकरदनला येताना एसटीच्या खिडकीतून एकच एक ज्वारीचं रान दिसलं. चहूकडं मका, मधे ते तेवढंच, आणि त्याच्यावर पाखरांचा नुसता दंगा. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "किती छान दिसून राह्यलं ना!" मी म्हटलं, "छान कशाचं डोंबलाचं? लुटून राह्यलेत बिचाऱ्याला." ती बाई पुढच्या स्टॉपवर जागा बदलून बसली.

मी मूळची वडीगोद्रीची. हायवेच्या कडेची पोर, ट्रकच्या हॉर्नवर झोपणारी. लग्न होऊन हसनाबादच्या बाजूला आले आणि पहिल्या हिवाळ्यात तिथली शांतता ऐकून मला झोपच येईना. आता भोकरदनला आमचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, ते मी आणि आमचे हे मिळून चालवतो. औषध हा शब्द आमच्याकडं भलताच कामाचा. खोकल्याला घेतात ते औषध, कपाशीवर मारतात ते औषध, आणि उंदराला घालतात तेही औषधच. कुणी सांगितलं की अमक्यानं औषध घेतलं, तर आधी हातातलं काम थांबतं. मग विचारावं लागतं, कोणतं? सर्दीचं म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो. विष हा शब्द आमच्या काउंटरवर कुणी काढत नाही. पुडीवर छापलेला असतो, पण गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, उंदराचं औषध द्या," जसा काही उंदराला ताप आलाय.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणायचं आणि सासूला आत्याबाई. त्यामुळं या घरात उंदीरमामा म्हणायची सोय राहिली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "अगं बाई, मामानं शेंगदाण्याची पिशवी फाडली!" बाहेर बाजेवर बसलेले सासरे खाकरले. आत्याबाई तोंडात पदर कोंबून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात उंदीर म्हणजे नुसता उंदीर.

काही वर्षांमागची गोष्ट आहे. परतीचा पाऊस रेंगाळला, रान उशिरा वाफशावर आलं, आणि मामांनी हट्टानं शाळू पेरला. शाळू म्हणजे हिवाळी ज्वारी. आजूबाजूला सगळा मका. आमचे हे म्हणत होते, "अण्णा, आता ज्वारी कोण करतंय? ठिबक टाकू, मका करू. न्हाईतर रान मला द्या, तुम्ही घरी बसा." मामांना घरी बसा म्हणणं म्हणजे बैलाला माडीवर चढ म्हणण्यासारखं. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "यंदा या रानातून वर्षाची भाकरी घरात आली न्हाई, तर रान तुझं. मी पुन्हा त्यात पाय ठेवणार न्हाई."

"बराबर?" हे म्हणाले.

"बिलकुल बराबर."

बापलेकांनी एका चहात जन्माचा सौदा करून टाकला आणि आम्ही दोघी बाया कपबशा उचलत राहिलो. मला तेव्हाच धास्ती वाटली होती. मामांना गावात दुसरं काही नव्हतं. ते पारावर बसत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, टीव्ही लावला की त्यांचा डोळा लागतो. सकाळी उठून त्या रानात जायचं आणि अंधार पडायच्या आत यायचं, एवढंच त्यांचं जगणं. ते रान गेलं तर हा माणूस दिवसभर करील काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

पेरताना ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मी एकदा कान देऊन ऐकलं. "पाखराचं, उंदराचं, पाहुण्याचं, अन् उरलं तर माझं." पूर्वी हे म्हणणं सोपं होतं. गावभर ज्वारी असायची, तेव्हा पाखरं चार घरी चार घास खाऊन जात. कुणाला जड पडत नव्हतं. आता सगळ्या शिवारात ज्वारी आमचीच. गावात एकाच घरी लग्न असलं की सगळा गाव तिथंच पंगतीला बसतो, तसं झालं. पाखरं आली, रोही म्हणजे नीलगायी आल्या, रानडुकरं आली. मका खाऊन कंटाळलेला जो तो तोंडाची चव बदलायला आमच्याकडं.

रानडुकरांसाठी आम्ही रानाभोवती जुन्या साड्या बांधल्या. सगळेच बांधतात. डुक्कर म्हणे हलणाऱ्या रंगाला बिचकतं. माझ्या, आत्याबाईंच्या, नणंदेच्या, सगळ्या टाकाऊ साड्या काठ्यांना लावल्या आणि वारं सुटलं की रान हळदीकुंकवाला निघाल्यासारखं दिसायचं. माझी एक जांभळी साडी मला अजून बरी वाटत होती, तीही गेली. मी म्हटलं, "मामा, शाळूला माझा शालू तेवढा लावू नका." ते म्हणाले, "पुढच्या साली बघू."

त्या थंडीचं मला फार आठवतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी डबा घेऊन रानात जायचे. पानांवर इतकं दव असायचं की ओळीतून चाललं तरी पदर ओला व्हायचा. कणसं फुलोऱ्यात आली की एक वास सुटतो, कोवळ्या दुधाचा आणि धुळीचा एकत्र. हा वास अत्तरवाल्याला जमायचा नाही आणि मला सांगता यायचा नाही. मामा बांधावर बसून ऊन खात असत. तिथंच त्यांनी मला ते दाखवलं. बांधाच्या पोटात, बोरीच्या झुडपाखाली एक बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसलेलं खोकड.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्हा दांडगा. हे मांजराहून थोडं मोठं, करड्या अंगाचं, काड्यांसारख्या पायांचं. कान मात्र अंगाच्या मानानं मोठे आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं, दौतीत बुडवल्यासारखं. आमच्याकडं वाळक्या म्हाताऱ्या माणसालाही खोकड म्हणतात. त्यामुळं मामा घरी येऊन खोकडाचं कौतुक सांगायला लागले की आत्याबाई म्हणायच्या, "एक खोकड बांधात अन् एक माझ्या घरात. मी कुणाकुणाला भाकरी घालू?"

ती मादी होती आणि तिचं पोट खाली आलं होतं. मामा ते बघून एकदम हळवे झाले. "सुनंदा, ही माहेरपणाला आलीय," ते मला म्हणाले. "एवढं शिवार पडलंय, पण बाळंतपणाला आपल्या बांधावर आली. लेकच म्हणायची." मामांना लेक एकच, माझी नणंद, ती दूर पुण्याला. तिची दोन्ही बाळंतपणं तिकडंच दवाखान्यात झाली, इकडं यायला तिला सवड मिळाली नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण माहेरपण हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला भरून आलं.

आता लेक माहेरी आली म्हटल्यावर तिची उस्तवार आली. आधी भाकरीचा तुकडा. मग दुधात कुस्करलेली भाकरी. मग एक दिवस आत्याबाईंना हुकूम सुटला, "भाकरीला तूप लाव. बाळंतिणीला कोरडी भाकरी देती का कुणी?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, पण तूप लावलं. रविवारी मटण झालं की हाडं फडक्यात बांधून रानात. मी तर म्हटलं, आता डिंकाचे लाडू अन् शेपूची भाजी तेवढी राहिली. पिल्लं झाली तेव्हा मामांनी घरी येऊन साखर वाटली. खरंच वाटली, मी खाल्लीय.

पण त्याच दिवसांत रानात उंदीर बेसुमार वाढले. रोज सकाळी नव्या बिळांची ओली माती दिसायची. ज्वारीची उभी ताटं बुडातून कुरतडलेली, आडवी झालेली, आणि कणसं गायब. उंदीर कणीस तोडून आख्खं आत ओढून नेतो. पुढच्या पावसाची सोय, आपल्यासारखीच. आधी त्या खोकडीच्या बिळाभोवती उंदरांची शेपटं पडलेली असायची, तिच्या विष्ठेत उंदरांचे केस दिसायचे. आता हाडं दिसत होती, आमच्या मटणाची. मला हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, "मामा, तुम्ही तिला आयतं खायला घालून राह्यले. ती उंदीर कशाला धरील? पोट भरल्यावर कुणी रानोमाळ हिंडतं का?"

मामा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "माहेरी आलेल्या लेकीला कुणी कामाला लावतं व्हय?"

त्यांचं बरोबरच होतं. आमच्यात माहेरी आलेल्या लेकीला कुणी झाडूसुद्धा हातात देत नाही. चूक एवढीच झाली होती, की तिला लेक म्हटलं होतं.

यांच्या कानावर उंदरांचं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे दुकानातली पुडी खिशात घालून रानात आले. पीठ मळून गोळ्या करायच्या आणि बिळाबिळात टाकायच्या, साधं काम. मला माहीत होतं आणि यांनाही माहीत होतं, की औषध खाल्लेला उंदीर बाहेर येऊन झिंगतो, आणि झिंगणारा उंदीर आयता खोकडीच्या तोंडी पडतो. तिच्यामागून पिल्लं. हे म्हणाले, "अण्णा, ज्वारी वाचवायची का खोकड वाचवायचं, ते तुम्ही ठरवा. दोन्ही न्हाई व्हायचं. सौदा तुमचाच हाये."

मामांनी शांतपणे विचारलं, "सुनंदा बाळंतपणाला वडीगोद्रीला गेल्ती, तवा तिच्या बापानं घरात औषध टाकलं असतं तर?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी ओळीतल्या वाकलेल्या ताटाकडं बघायला लागले. शेवटी यांनी पुडी खिशात परत घातली आणि "करा काय करायचं ते" म्हणून गाडीला किक मारली. खरं सांगते, त्या दिवशी मला दोघांचाही अभिमान वाटला आणि दोघांचाही संताप आला.

पुढं कुत्री आली. हायवेवरच्या ढाब्यांवर आणि चिकनच्या दुकानांमागं पोसलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली, टोळीनं फिरणारी. त्यांना बांधावरच्या हाडांचा वास लागला. मी डबा घेऊन पोचले तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. ती खोकड रानाच्या त्या टोकाला मुद्दाम कुत्र्यांच्या समोरून पळत होती, लंगडल्यासारखं करत, त्यांना लांब नेत. तीन कुत्री तिच्यामागं गेली. चौथं बिळाशीच थांबलं होतं. मामा काठी घेऊन ओरडत धावले, मी हातातला डबा फेकून मारला. कुत्रं पळालं. बिळाच्या तोंडाशी एक पिल्लू पडलं होतं. अजून त्याचे कानसुद्धा नीट मोठे झाले नव्हते.

मामा तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मीच दावलं त्यांला घर," ते सारखं म्हणत होते. "मीच दावलं. माझ्या हातानं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायची आमच्यात रीत नाही. पण त्या वेळी रीत कुठं आठवते?

राहिलेली पिल्लं तिनं त्याच दिवशी हलवली. रानाच्या मधोमध, सखल भागात, वेचलेल्या दगडांचा एक जुना ढीग आहे. भोवती उंच ज्वारी, सगळ्या रानातली चांगली. तिथं ओल धरून राहते, म्हणून कणसं मुठीत मावत नव्हती. एकेक पिल्लू मानेला धरून तिनं त्या ढिगात नेलं. मामांनी त्या दिवसापासून तिला भाकरीचा कणही टाकला नाही. आठवड्याभरानं ढिगाभोवती पुन्हा उंदरांची शेपटं दिसायला लागली, पण तोवर रानाचा बराच भाग उंदरांनी आडवा केला होता.

काढणीला माणसं मिळणं त्या दिवसांत फार कठीण. सगळे ऊसतोडीला नाहीतर मक्याच्या मळणीला. यांनी कशीबशी एक टोळी जमवून आणली, तीही एका दिवसापुरती. सकाळपासून ज्वारी उपटून आडवी पडत गेली. ताटांचा करकर आवाज, कणसांतून उडणारी धूळ, बायांच्या गप्पा. दुपारी माणसं मधल्या भागाशी पोचली आणि मामा आडवे आले. म्हणजे खरोखरच, ओळीत हात पसरून उभे राहिले.

"एवढं राहू द्या," ते म्हणाले. "पिल्लं लहान हायेत. उघड्यावर पडली तर कुत्री एक ठेवणार न्हाईत."

टोळीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. हे पुढं आले. "अण्णा, ही माणसं उद्या न्हाईत. पिल्लं मोठी होईस्तोवर उंदीर अन् पाखरं इथं दाणा ठेवतील का? वर्षाची भाकरी या मधल्या तुकड्यातच हाये. बाकीचं तर उंदरांनी नेलं. हे सोडलं तर..."

"ठावं हाये," मामा म्हणाले.

"मंग?"

"मंग रान तुझं. शब्द हाये माझा. पण आज एवढं राहू दे."

यांनी बायांना खुणेनं दुसऱ्या बाजूला पाठवलं. त्या संध्याकाळी घरी यांनी ताटाला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जिंकल्यासारखं वाटून न्हाई राह्यलं." मला त्यांचाही राग धरता आला नाही. माझी हीच तर अडचण आहे. राग दाटून येतो आणि ठेवायला जागा सापडत नाही.

होळीच्या सुमाराला खोकड पिल्लं घेऊन निघून गेली. कुठं, कुणाला माहीत. निरोप नाही, आभार नाहीत. तिला काय ठाऊक, तिच्यापायी एका माणसाची शेती गेली ते! मधल्या तुकड्यात नुसती ताटं उभी राहिली, कणसांच्या जागी काड्या. पुढच्या हंगामात त्या रानात ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि मका आला. मका चांगला येतो. नाही कशाला म्हणू?

कधी कधी मी विचार करते, उपद्रवी म्हणायचं तरी कुणाला? शेतकी पुस्तकात यादी असते, पण ती ज्यानं लिहिली त्याच्या रानापुरती. उंदराला आम्ही चोर म्हणतो, खोकडीला उंदीर म्हणजे जेवण. खोकडीला आम्ही लेक म्हटलं आणि ढाब्यावरच्या कुत्र्याला दगड मारला. पण त्या कुत्र्याला हाडांची चटक माणसांनीच लावलेली. मारून टाकणं सोपं आहे, पुडी आमच्याच दुकानात मिळते. जीव लावणंही सोपं आहे. या दोन्हींच्या मधे नुसतं लांबून बघत राहणं, कुणाच्या पोटापाण्यात हात न घालणं, हे माणसाला फार जड जातं. निदान आमच्याकडच्या माणसांना तरी. दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हे आम्हाला पाळण्यात शिकवलेलं असतं.

मामा आता दुकानात बसतात. रानात पाय ठेवायचा नाही म्हणाले ते नाहीच ठेवला, बांधावरूनही जात नाहीत. पहिलं वर्ष ते नुसते खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायचे. ते बघवत नसे. मग एका हिवाळ्यात कुणीतरी उंदराचं औषध मागायला आलं आणि मामा खुर्चीतून बोलले, "आधी बांध बघून आला का? बांधात कोण राहून राह्यलं, ते बघ. मंग औषध ने." गिऱ्हाईक हसलं. मी नंतर कुरकुरले, "मामा, असं केलं तर दुकान कसं चालायचं?" पण ते आता प्रत्येकाला विचारतात. दहातले नऊ हसतात, पुडी घेतात, जातात. मीच देते. एखादा मात्र खरंच परत जातो.

काल असाच एक जण आला. तरणा शेतकरी, परवा मामांचं ऐकून रिकाम्या हातानं गेलेला. दुकानात शिरताच म्हणाला, "हाये मामा! बोरीच्या बुडाशी बीळ हाये. दोन पिल्लं ऊन खात बसल्ती."

मामा खुर्चीत सरळ झाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी हातातली पावती तशीच धरून राहिले. त्यांनी दुकानातल्या पोऱ्याला सांगायच्या ऐवजी स्वतः उठून त्याला पाणी दिलं. आणि मग त्याचं मनगट धरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आता ऐक. त्यांला खायला काही घालू नको. भाकरीचा तुकडासुद्धा न्हाई."

"अहो, लहान लेकरं हायेत हो मामा."

"म्हणून तर," मामा म्हणाले.